पिशवी उघडा, पण पावती द्या

नेपाळचे शंभर रुपये म्हणजे आपले साडेबासष्ट. १९९३ पासून हा दर ठरलेलाच आहे, आपल्या एका रुपयाला त्यांचा एक रुपया साठ पैसे. सीमेवरच्या रिक्षावाल्यापासून देवळाबाहेरच्या फुलवाल्यापर्यंत सगळ्यांना तो तोंडपाठ असतो, ते फक्त विचारतात, ‘आयसी की एनसी?’ आयसी म्हणजे भारतीय चलन, एनसी म्हणजे नेपाळी. तर आयसी साडेबासष्टात काय येतं? किलोभर साखर आणि वर बिस्किटांचा एखादा पुडा. याहून जास्त किमतीचं सामान भारतातल्या बाजारातून घेऊन नेपाळी माणूस घरी निघाला, तर त्याने भन्सार भरला पाहिजे असा तिकडचा नियम आहे. भन्सार म्हणजे कस्टम, आपल्या जुन्या शब्दात जकात. हा नियम बरीच वर्षं कागदावर निवांत पडून होता. २०२३ मध्ये तो कडकपणे राबवायचं ठरलं आणि रक्सौल, जोगबनीच्या बाजारातून पलीकडे वीरगंज, विराटनगरला पिशव्या घेऊन जाणाऱ्या बायका नाक्यावर अडकू लागल्या. डाळ, तेल, पोराचा गणवेश, नणंदेच्या लग्नाची साडी, सगळं टेबलावर. तराईत, म्हणजे नेपाळच्या सीमेलगतच्या सपाट पट्ट्यात, त्यावरून बराच संताप उसळला.

आपल्याला हसू येतं. साडेबासष्ट रुपयांची मर्यादा घालणारं सरकार कसलं, असं वाटतं. पण हसण्याआधी आपल्या बाजूचं वाचावं. आपल्याकडे २०१६ ते २०२६ जे बॅगेज नियम होते, त्यांनी बहुतेक देशांतून विमानाने येणाऱ्या भारतीयाला ५०,००० रुपयांपर्यंतच्या वस्तू शुल्काशिवाय आणायची मुभा दिली. नेपाळ, भूतान आणि म्यानमार या तीन शेजाऱ्यांकडून येणाऱ्याला १५,०००. आणि त्याखाली एक ओळ अशी की प्रवासी जमिनीवरून येत असेल, तर त्याच्या फक्त वापरलेल्या वैयक्तिक वस्तू शुल्कमुक्त. म्हणजे काठमांडूहून विमानाने दिल्लीला उतरलेल्या माणसाच्या बॅगेत पंधरा हजारांची पश्मिना चालायची, आणि तीच पश्मिना घेऊन बसने सोनौलीच्या नाक्यावर उतरलेल्या बाईला एका रुपयाचीही सूट नव्हती. नेपाळने निदान शंभर तरी ठेवलेत. आकडे अधूनमधून वाढतात, त्याचं कौतुकही होतं. विमानाच्या प्रवाशाला ‘प्रवासी’ आणि बसच्या प्रवाशाला ‘संशयित’ समजायची सवय मात्र त्या आकड्यांच्या पलीकडची आहे.

मला जे म्हणायचं आहे ते याच सवयीबद्दल. जो नियम पाळणं कुणालाच शक्य नाही, तो चोरी थांबवत नाही. तो आधी सगळ्यांना चोर करून ठेवतो, आणि मग ‘जा, या वेळी सोडतो’ म्हणायचा अधिकार टेबलामागच्या माणसाच्या हातात देतो. त्या अधिकाराची पावती नसते. सीमेवरच्या तपासणीचं खरं दुखणं पिशवी उघडण्यात नाही, या ‘सोडतो’मध्ये आहे.

काही वर्षांपूर्वी आईबरोबर मी यात्रेच्या बसने नेपाळला गेलो होतो. काशी, अयोध्या, पशुपतिनाथ, लुंबिनी. आपल्याकडच्या यात्रा बसेस ज्यांनी पाहिल्यात त्यांना वर्णन करायला नको. डिकीत शिधा, शेगड्या, गॅसच्या टाक्या, पोह्या-रव्याची पोती, सोबत दोन आचारी आणि सातारा-कऱ्हाडकडचे चाळीसेक ज्येष्ठ नागरिक. जाताना बसचा भन्सार भरला. परदेशी गाडी जितके दिवस देशात राहणार तितक्या दिवसांचे पैसे, त्याची पावती, ती ड्रायव्हरने काचेच्या वरच्या फटीत खोचून ठेवली. रीतसर काम. एक आचारी मला म्हणाला, “बघा, गाडीचं कसं चोख असतंय.” तेव्हा त्याच्या बोलण्यातली खोच मला कळली नाही.

ती परतताना कळली. नाक्याच्या अलीकडे गाडी थांबली आणि यात्रेच्या व्यवस्थापकाने माईकवरून सांगितलं, ज्यांनी ज्यांनी ब्लँकेट, जॅकेट, थर्मास घेतलेत त्यांनी शंभर-शंभर काढून ठेवा, नाक्यावर द्यावे लागतात. कुणाला द्यावे लागतात, कशाचे, हे कुणी विचारलं नाही. मी विचारलं तर मागच्या बाकावरचे एक काका म्हणाले, “अहो, देवाला आलोय. कशाला?” नंतर एक गणवेशातला आणि एक साध्या कपड्यातला असे दोघे गाडीत चढले. चार जणांच्या पिशव्या उघडल्या. आईच्या शेजारी बसलेल्या मावशींनी काठमांडूत एक जाडजूड ब्लँकेट घेतलं होतं. ते बाहेर काढून, उलटंपालटं करून, पुन्हा कोंबलं. मावशी उभ्या राहून हात जोडत होत्या. सत्तरीच्या बाई, आयुष्यभर शाळेत शिकवलेलं, हिशेबाची वही रोज लिहिणाऱ्या. साध्या कपड्यातला हसून म्हणाला, “ठीक है माताजी, जाइए.” गाडी हलली. बसला पावती मिळाली होती. माणसांना मिळाली नाही.

नाक्याचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर ती एका नाक्याची तक्रार होईल, आणि मला ती करायची नाही. भारत-नेपाळ सीमा सुमारे १,७५० किलोमीटरची, १९५० च्या करारापासून येण्याजाण्याला खुली. पासपोर्ट नाही, व्हिसा नाही. राखायला सशस्त्र सीमा बल, शुल्काला कस्टम, शिवाय स्थानिक पोलीस. यात्रेकरूला यातल्या कुणाला काय अधिकार आहे ते गणवेशावरून कळत नाही, आणि साध्या कपड्यातल्या माणसाला अधिकार आहे की नाही हे तर विचारायचीच भीती. भीतीचं कारण असं की आपण चूक केलेली नाही याची कुणालाच खात्री नसते. नियम इतका अरुंद की त्यात बसणं अवघड, आणि तो लिहिलेला फलक मला तरी दोन्ही बाजूंना दिसला नाही.

मंगळसूत्राचंच घ्या. २०१६ च्या नियमांत ‘वैयक्तिक वस्तू’ची व्याख्या होती, रोजच्या गरजेच्या वस्तू, पण ‘दागिने सोडून’. अक्षरशः वाचलं तर गळ्यातलं चाळीस वर्षांचं मंगळसूत्र घालून परत येणारी बाई जमिनीवरच्या सीमेवर नियमात बसत नव्हती. कुणी अधिकारी असं वाचत नसे हे मान्य. पण वाचू शकत होता, आणि वाचत नसे ही त्याची मेहेरबानी. विमानतळांवर हे वाचलं गेलंय. लोकांच्या अंगावरचे जुने दागिने अडकवून ठेवल्याची प्रकरणं दिल्ली उच्च न्यायालयात गेली, आणि न्यायालयाला सांगावं लागलं की अंगावर घातलेला वापरातला दागिना म्हणजे तस्करी नव्हे. विमानाचा प्रवासी वकील करतो. बसच्या प्रवाशाला बस चुकेल ही धास्ती असते.

गंमत अशी की कायदा स्वतः इतका वाईट नाही. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याचं कलम १०२ सांगतं की अंगझडती घ्यायची असेल आणि त्या माणसाने मागणी केली, तर त्याला आधी जवळच्या राजपत्रित कस्टम अधिकाऱ्यापुढे किंवा मॅजिस्ट्रेटपुढे न्यावं लागतं. बाईची झडती बाईच घेईल. कलम ८० तर बहुतेकांनी ऐकलेलंही नसतं. तुम्ही खरं सांगून शुल्क लागणारी किंवा बंदी असलेली वस्तू जाहीर केली, तर ती तात्पुरती ठेवून घेऊन परत जाताना द्यावी, अशी विनंती प्रवासी करू शकतो. जप्ती झाली तर पंचनामा, माल सरकारजमा करायचा तर आधी नोटीस. आंतरराष्ट्रीय पातळीवर प्रवाशांच्या तपासणीचे जे दंडक कस्टमविषयीच्या सुधारित क्योतो करारात आहेत, त्यांतही अंगझडती अपवादानेच आणि संशयाला आधार असेल तरच, असं लिहिलेलं आहे. कायदा कागद मागतो. नाका कागद टाळतो. कारण कागद झाला की रक्कम सरकारची होते, आणि वेळही जातो, आणि वेळ तर प्रवाशालाही नको असतो. दोघांच्याही सोयीचा हा व्यवहार आहे, म्हणून तर तो टिकलाय. माईकवरून शंभर मागणाऱ्या व्यवस्थापकाला खलनायक करून उपयोग नाही. चाळीस म्हाताऱ्यांना रात्रीच्या जेवणाआधी मुक्कामी पोचवायचं त्याच्या गळ्यात होतं.

आता दुसरी बाजू, कारण ती खोटी नाही. वीरगंजमधल्या किराणा दुकानदाराच्या मालावर आयात शुल्क लागतं, त्यावर १३ टक्के व्हॅट लागतो. आणि चालत जाण्याच्या अंतरावर रक्सौलचा बाजार. गिऱ्हाईक पलीकडे जाणारच. नेपाळच्या सरकारी उत्पन्नाचा मोठा हिस्सा सीमेवरच्या नाक्यांवर गोळा होतो, तिथे गळती लागली तर शाळा-दवाखान्यांचे पैसे कुठून आणायचे? लहान देशाने मोठ्या शेजाऱ्याच्या बाजारपेठेपुढे काहीतरी आडवं घालावं यात चूक नाही. आणि भारताच्या बाजूनेही सोनं, अमली पदार्थ, बनावट नोटा या खुल्या सीमेवरून येतात हे खरं आहे. कुणी तपासायलाच नको, असं म्हणणारा माणूस एकतर भाबडा आहे किंवा त्याची पिशवी जड आहे.

पण मग तपासणी त्या मालाची होते का? ज्या २०२३ मध्ये तराईतल्या बायकांच्या साखरेचा हिशेब चालला होता, त्याच वर्षी जुलैत काठमांडूच्या विमानतळावरून, कस्टमच्या तपासणीतून रीतसर पार होऊन, सुमारे ६० किलो सोनं बाहेर पडलं. दुचाकीच्या ब्रेकच्या सुट्या भागांत लपवलेलं. पकडलं गेलं ते विमानतळाबाहेर, महसूल तपास खात्याच्या लोकांकडून. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण आपण इतकी वापरतो की तिची धार गेलीय, पण साठ किलो सोनं एका पारड्यात आणि किलोभर साखर दुसऱ्या पारड्यात ठेवून पाहा.

माल सीमा ओलांडतो तो दोन बाजूंच्या भावातल्या फरकामुळे. हे मला अर्थशास्त्राच्या पुस्तकाने शिकवलं नाही, कांद्याने शिकवलं. ८ डिसेंबर २०२३ ला केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. लासलगावला भाव कोसळले, नाशिकचा शेतकरी रस्त्यावर आला, आणि नेपाळमध्ये, जिथला कांदा जवळजवळ सगळा आपल्याकडून जातो, भाव चढले. लगेच चोरून जाणाऱ्या कांद्याच्या बातम्या. आदल्या दिवशीपर्यंत जो माल होता तो दुसऱ्या दिवशी तस्करी झाला, त्यात कांद्याचा काय दोष? ४ मे २०२४ ला बंदी उठली. सोन्याचंही तेच. २०२४ च्या जुलैत अर्थसंकल्पात सोन्यावरचं सीमाशुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आणलं, तेव्हा तस्करीतली कमाई एका रात्रीत कितीतरी कमी झाली. हजार पिशव्या उचकून जे होत नाही ते एका सहीने होतं.

आपल्या माणसांना हे नवीन नाही. गोव्याच्या सीमेवर आपण हे सगळं जगून बसलोय. १८७८ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात करार झाला आणि १८८० पासून बारा वर्षं गोवा आणि ब्रिटिश हिंदुस्थान यांच्यामधली कस्टमची रेषा उठली. त्या बदल्यात इंग्रजांनी गोव्यातल्या मिठावर ताबा मिळवला आणि तिथल्या आगरांचे हाल केले, म्हणजे तो करार काही सज्जनपणाचा नव्हता. १८९२ ला तो संपला, रेषा परत आली. कॅसलरॉकला ब्रिटिश बाजूचं कस्टम, घाट उतरल्यावर कोलेमला पोर्तुगीजांचं. गाडी थांबायची, वळकट्या सुटायच्या, ट्रंका उघडायच्या. स्वातंत्र्यानंतर तर भारतात आयातीवर कडक बंधनं आणि गोव्याच्या दुकानांत स्विस घड्याळं, नायलॉन, विलायती दारू. पन्नाशीच्या दशकातल्या त्या ‘माला’च्या गोष्टी सावंतवाडी-बांद्याकडे अजून चवीने सांगितल्या जातात, आणि त्यात कस्टमवाला नेहमी थोडा बावळट, थोडा लोभी आणि थोडा दयाळू असतो. चोरून आणणारा कधीच खलनायक नसतो. १९ डिसेंबर १९६१ नंतर रेषा गेली आणि तस्करीही गेली. त्या लोकांची नीतिमत्ता त्या रात्री सुधारली नव्हती.

त्याची छोटी आवृत्ती मुंबईकरांनी २०१७ पर्यंत पाहिली. दहिसर, मुलुंड, वाशी, ऐरोलीच्या जकात नाक्यांवरच्या ट्रकच्या रांगा, डिझेलचा वास आणि रांगेत न थांबता पुढे सटकणारे काही भाग्यवान. १ जुलैला जीएसटी आला, नाके गेले. महापालिका काही बुडाली नाही, भरपाईची सोय झाली. दोन देशांमधल्या सीमेचं असं करता येणार नाही हे मला कळतं. एवढंच दिसतं की नाक्यावर गोळा होणारा प्रत्येक रुपया नाक्यावरच गोळा व्हायला हवा असं काही नाही.

श्रीमंत देशांनाही हाच पेच आहे. स्वित्झर्लंड घ्या. तिथले लोक स्वस्ताईसाठी जर्मनीत आणि फ्रान्समध्ये खरेदीला जातात, स्विस दुकानदार बोंब मारतात, अगदी वीरगंजसारखी. म्हणून १ जानेवारी २०२५ पासून तिथल्या सरकारने करमुक्त खरेदीची मर्यादा माणशी ३०० फ्रँकवरून १५० वर आणली. म्हणजे मर्यादा निम्म्यावर, आणि तरी तिच्यात आठवड्याचा बाजार बसतो. शिवाय जास्त आणलं तर सीमेआधीच फोनवरच्या अ‍ॅपवर स्वतः नोंदवायचं, तिथेच पैसे भरायचे, पावती फोनमध्ये. नाक्यावरच्या माणसाने अडवलं तर ती दाखवायची. तिथला कस्टमवाला आपल्याहून सज्जन असेलच असं नाही. त्याला मेहेरबानी करायला जागाच ठेवलेली नाही.

आपल्या सीमांवर, म्हणजे नेपाळच्या दोन्ही बाजूंना, हे जमणार नाही असं मानायला मी तयार नाही. ज्या सीमेवर चहाची टपरीही क्यूआर कोड लावून बसलीय, तिथे शुल्क रोखीने आणि तोंडी का? मर्यादा अशी ठेवा की महिन्याचा किराणा, एक साडी आणि देवाहून आणलेलं एक ब्लँकेट तिच्यात मावेल. मग तिच्यावर जाणाऱ्याकडून जरूर वसूल करा, दया दाखवू नका. दर हिंदी, नेपाळी, मैथिली, भोजपुरीत लिहा, आणि यात्रा कंपन्यांसाठी एक कागद मराठीतही छापा, तिथे येणाऱ्या बसेसच्या पाट्या वाचल्या तर का ते कळेल. जमिनीवरून येणाऱ्याला विमानाने येणाऱ्याइतकीच सूट द्या. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, नियमातली एक ओळ खोडावी लागते. आणि जी पिशवी उघडाल, जी वस्तू ठेवून घ्याल, जो रुपया घ्याल, त्याचा कागद त्या माणसाच्या हातात द्या. त्यावर नाव असावं, हुद्दा असावा. कागद द्यायचा म्हटलं की माणूस कुठली पिशवी उघडायची याचा आधी विचार करतो. आज तो चेहरे बघून ठरवतो, आणि कुठले चेहरे ते त्या रांगेत उभं राहिलेल्या कुणालाही सांगता येईल. मधल्या बाकावरच्या जीन्सवाल्या मला कुणी पिशवी उघड म्हणालं नाही.

मावशी गेल्या दिवाळीत भेटल्या. ब्लँकेट अजून आहे, थंडीत काढतात. कस्टमचा साहेब भला माणूस होता, त्याने सोडलं, असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. मी म्हटलं, मावशी, तुम्ही शंभर रुपये दिले होते. त्या म्हणाल्या, ते वेगळे. मग आतून वही आणून त्या यात्रेचं पान काढून दाखवलं. पशुपतिनाथ अभिषेक, दक्षिणा, रुद्राक्ष, आणि त्याखाली त्याच सुवाच्य शाळामास्तरी अक्षरात: नाका, शंभर. सगळं एकाच रकान्यात. रकान्याच्या वर लिहिलं होतं, देवधर्म.